टपालवाल्यांचा खांदा

तुझे आजोबा शिंपी होते एवढंच सगळे सांगतात. तू आधी हे लिही, की त्यांना स्वस्थ बसता यायचं नाही. जेवतानाही एक पाय हलत असायचा. मी म्हणायची, "अहो, त्या पायाला कुणीतरी सांगा, मशीन दुकानात राहिलंय."

आमची आळी टेकडीच्या पोटाशी. अकरा घरं, मागं उभी टेकडी. एका पावसाळ्यात वर भेग पडली. लोक हबकले. सरकारी ऑफिसातनं कुणी बघायलाही येईना. मग हेच वर गेले, भेगेच्या दोन्ही अंगाला एकेक लोखंडी गज ठोकला, आणि दर सोमवारी दोन गजांमधलं अंतर टेपनं मोजून वहीत लिहायला लागले. ताप असो, पाऊस असो, अकरा वर्षांत सोमवार चुकला नाही. पहिल्या दिवशी चाळीस इंच भरलं. अकरा वर्षांनीही चाळीस, उलट केसभर कमीच.

आणि टेपही तीच, गळ्यातली. "टेप बदलली की माप बदलतं," म्हणायचे. इतका माणूस सचोटीचा.

सोमवारी सकाळी लोक दारात उभे. "मास्तर, काय म्हणते टेकडी?" "चाळीस." झालं, सगळे बिनघोर कामाला. त्या चाळीसच्या भरवशावर बेकरीवाल्यानं मागच्या अंगाला दुसरी भट्टी बांधली.

आणि मग एकदाच्या ऑफिसातनं बाई आल्या. दगडमातीचं शिक्षण घेतलेल्या. आळीनं त्यांचं नाव दगडबाई पाडलं. टेकडी हिंडून बघितली आणि म्हणाल्या, "ही सरकत असावी. पावसाआधी घरं सोडावी लागतील." लोक म्हणाले, आमच्या मास्तरांकडे वही आहे. बाई आमच्या उंबऱ्यावर बसून अख्खी वही वाचत होत्या. मग वर जाऊन आपल्या टेपनं मोजून आल्या.

"एकेचाळीस आहे, मास्तर."

"तुमची टेप बघा एकदा."

"माझी पोलादी आहे. तुमची कापडी. कापडी टेप वापरून वापरून ताणते."

"तीस वर्षं शिवतोय, बाई. माझ्या हातचा एक तरी सदरा आखूड झालेला आणून दाखवा."

बेकरीवाला पुढं झाला. "ही पँट ह्यांच्याच हातची. बसलीय की नीट. पोट माझं जास्त आहे, तो दोष टेपचा नाही."

सगळे हसले. बाई काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भेग पूर्वीच रुंदावून थांबली असेल तर गोष्ट वेगळी. यंदा रुंदावत असेल तर वेगळी. माझ्याकडे माप एकच आहे. तुमच्याकडे अकरा वर्षांची आहेत, पण ती मला धरता येत नाहीत."

हे शेवटचं ह्यांना फार लागलं.

चार दिवस माणूस नुसता येरझाऱ्या घालत होता. पेटीतली नवी टेप काढायची, हातात फिरवायची, परत ठेवायची. मी म्हणाले, "दोन्ही शेजारी धरून बघा की." तर म्हणे, "बघायचं काय त्यात?" भ्यायले होते गं, दुसरं काय.

पाचव्या दिवशी आमच्या आळीचे टपालवाले आले. दरवर्षी ह्याच सुमाराला गणवेश शिवून घ्यायचे. हे मापं सांगायचे आणि तुझा मोठा काका लिहायचा. मी कडेला काजं करत बसलेली.

"खांदा अठरा," हे म्हणाले.

"साडेअठरा असायचा की," मी म्हणाले. मला अक्षर येत नाही, पण मापं ऐकून ऐकून डोक्यात बसलेली.

"आटलो असेन, वहिनी. वय झालं," टपालवाले म्हणाले.

ह्यांचा हात तिथंच थांबला. "पोट सुटतं, कंबर जाते. खांद्याचं हाड कुठं जातं?"

नवी टेप काढली, शेजारी धरली. जुनीचं अठरा नवीच्या साडेअठरावर येत होतं. हे म्हणाले, "माप घ्यायचं हिनं, बेतायचं हिनंच. कपडा बसणारच. खोट दिसणार कुठनं?"

मग मापांच्या सगळ्या जुन्या वह्या खाली ओढल्या. टपालवाल्यांचा खांदा, एकेका वर्षाचा. घेऊन दोघं बाईंच्या ऑफिसात गेलो. बाईंनी इकडे खांदा, तिकडे टेकडी, अशा वह्या शेजारी लावल्या. टेप कुठल्या वर्षी किती ताणली ते खांद्यावरनं कळलं, आणि त्यावरनं टेकडीचं खरं माप निघालं. दुपार गेली. शेवटी म्हणाल्या, "पहिली आठ वर्षं जवळजवळ काहीच नाही. जे आहे ते गेल्या तीन वर्षांत, आणि यंदा सगळ्यात जास्त. मास्तर, तुमच्या वहीशिवाय मला हे समजलंच नसतं."

"आणि माझ्या टेपमुळे तीन वर्षं कुणाला समजलं नाही," हे म्हणाले.

घरोघरी हे स्वतः गेले. मी सोबत. बेकरीवाला म्हणाला, "चाळीस म्हणणारे तुम्हीच ना? आता भट्टी काखेत मारून जाऊ?"

"चाळीस मीच म्हणत होतो. ते चुकलं. एकेचाळीस आहे. चला."

त्यांनी सांगितलं म्हणून लोक निघाले. बाईंच्या सांगण्यावर कुणी हललं नसतं. शाळेच्या चार खोल्यांत अकरा घरांची माणसं, मधे साड्यांचे पडदे. पाऊस आला. महिना गेला, दोन गेले. टेकडी उभीच. बाई मोजून जायच्या आणि सांगायच्या, अजून अर्धा इंच सरकलीय, परत जायचं नाव काढू नका. पण अर्धा इंच लोकांना दिसतो कुठं? बेकरीवाला उठल्यापासून सुरू, "काय मास्तर, पडली का?"

हे खालच्या रस्त्यावर जाऊन टेकडीकडे बघत उभे राहायचे. भिजून यायचे, परत जायचे. एकदा मी विचारलंच, "पडावी असं वाटतंय का तुम्हाला?"

म्हणाले, "पडली तर ह्या सगळ्यांची घरं जातील, आपलंही. नाही पडली तर दुसऱ्यांदा खोटा ठरेन. तूच सांग, मी काय मागू?"

मी म्हणाले, "काही मागू नका. आधी जेवून घ्या."

बसले. दोन घास खाल्ले. आणि तिसरा हातातच ठेवून खिडकीकडे बघायला लागले.