औषध उतरलं

आमच्याकडे ताप उतरतो, विंचू उतरतो, भूतसुद्धा उतरतं. मग औषधही उतरतं, असं बाबा धरून चालले आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. घरामागे खाडीलगत आमचं तळं होतं, पेण-अलिबागकडे पुष्कळ घरांचं असतं तसं. त्यात जिताड्याची पिल्लं सोडायची, वाढवायची, आणि लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की मोठ्यातला मोठा मासा तिच्यासाठी काढायचा. ताई पालीला दिलेली. ती सातव्यात यायची होती आणि नेमक्या तेव्हाच जिताड्यांना उवा लागल्या. मासे अंग घासत काठाशी यायचे. बाबांनी भाताच्या किडीवरची पांढरी पावडर आणली आणि ओतली तळ्यात. उवा गेल्या, हे खरं.

आई म्हणाली, "औंदा नको हो तो मासा. विषच ते."

"अगं, बांधाच्या उघाडीचं दार उघडून सगळं पाणी बदललंय. औषध कवाच उतरलं!"

पाण्यातून उतरलं असेल, पण माशातून? आणि विचारायचं तरी कोणाला, कपाळ! आई ऐकेना, तेव्हा बाबांनी एक जिताडा आधी स्वतः खाल्ला. दुसऱ्या दिवशी छाती ठोकून म्हणाले, "बघ, धडधाकट हाय मी!" बाप्याचं पोट आणि पोटातलं पोर एकच की काय? पण बाबांपुढे बोलायची कोणाची टाप होती!

ताई आली. पोटाकडची चरबीची तुकडी बाबांनी स्वतः तिच्या ताटात वाढली. "खा, बाय." ती मिटक्या मारत जेवली. असं जवळजवळ रोज चाललं.

आठव्यात तिचं मूल पोटातच गेलं. माशामुळे की आणखी कशामुळे, डॉक्टरलाही सांगता आलं नाही. मला आजही संताप येतो तो याचाच, की कधी कळलंच नाही. बाबांनी तळ्यात पुन्हा जाळं टाकलं नाही.

पुन्हा दिवस गेल्यावर ताई एकदा भेटायला आली. आईने भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. मासळी नव्हतीच. तरी ताईने पिशवीतून सासरहून आणलेली भाकरी काढली.

"बाबा, रागावू नको," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय."

"बरं केलंस, बाय," बाबा म्हणाले. मग तिच्यासाठी वाढलेलं ताट त्यांनी स्वतःकडे ओढलं आणि खाली मान घालून जेवायला लागले.