रिकामी खुंटी

सरकारी दवाखान्याच्या चहाच्या खोलीत दाराशी खुंट्यांची फळी होती आणि डॉक्टरांचा एक अलिखित कायदा होता: स्टेथोस्कोप खुंटीला अडकवला, की माणसानं खरं बोलायचं.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा त्या फळीवर देवापेक्षा जास्त विश्वास. बाई तोंडाच्या फटकळ. पाठीमागं सगळे 'मिरची' म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचा एकच धोशा: ओपीडी दुपारी बंद होते, कारखान्यातल्या बाया सुटतात संध्याकाळी. मग तापानं फणफणलेलं पोर घेऊन त्यांनी जायचं कुठं?

"दुकान सकाळी, गिऱ्हाईक संध्याकाळी. आणि वर आपणच म्हणायचं, लोक अडाणी."

सुधारणा समिती येणार असं कळलं, तेव्हा सगळ्या खुंट्या भरल्या.

"संध्याकाळची ओपीडी मागू. आळीपाळीनं बसू," हाडांचे डॉक्टर म्हणाले. कॉलेजपासून बाई त्यांना भाऊ म्हणत. "ताई, सुरुवात तू कर. तुझ्या जिभेला धार आहे. मागं आम्ही आहोतच."

"किती मागं?" भूल देणारे डॉक्टर हसले.

"सावलीसारखे."

समितीपुढं बाईंनी आडपडदा ठेवला नाही. फाटकावरून परत गेलेली पोरं, दुसऱ्या दिवशी झटके येऊन आलेली पोरं, सगळं सांगितलं. "आम्ही सगळे बसायला तयार आहोत. विचारा यांना."

भूलवाले पंख्याकडं बघत राहिले. भाऊ उठले, तसा बाईंच्या जिवात जीव आला.

"बाईंची कळकळ मोठी," भाऊ म्हणाले. "पण हे त्यांचं स्वतःचं मत. संध्याकाळी आम्हाला जमणार नाही."

संध्याकाळी भाऊंचा पेठेत खाजगी दवाखाना चाले. बाईंना ते माहीत होतं. दिलेल्या शब्दापुढं तो मोठा ठरेल, हे माहीत नव्हतं.

जिन्यात भाऊंनी गाठलं. "राग धरू नकोस, ताई. माझं पोट आहे तिथं."

"मग खुंटीपाशी का बोललास?"

"अगं, तिथं सगळेच बोलतात. तेवढंच मन हलकं होतं."

"आणि मला पुढं केलंस ते?"

भाऊ चष्मा पुसत राहिले.

घरी जाताना फाटकाशी पहारेकरी पोर कडेवर घेतलेल्या एका बाईला सांगत होता, "सकाळी या." डॉक्टरीणबाईंनी तिथंच उभ्याउभ्या पोराची छाती तपासली.

दुसऱ्या दिवशी चहाला भाऊंनी सरकून जागा केली. "तुझी खुंटी मोकळी आहे, ताई."

"असू दे."

गळ्यातला स्टेथोस्कोप न काढता बाई चहा प्यायल्या, उकाड्याबद्दल दोन शब्द बोलल्या, कप विसळून ठेवला. पुढं त्या खुंटीला कुणीतरी छत्री अडकवली.