रुखमामावशीचा हात

रुखमामावशी शवासनात एक डोळा उघडा ठेवायची. मी हळू आवाजात सांगायचे, "डोळे मिटा, अंग सैल सोडा." बाकीच्या बायका मिटायच्या, मावशीचा डावा डोळा छताकडे बघत असायचा. एकदा वर्ग संपल्यावर मी विचारलंच. "दोनी डोये मिटून आडवं पडाची सवय नाही लागू द्याची," ती म्हणाली. "ते एकडाव करनंच हाय." बायका हसल्या. मला हसावं की नाही ते कळलं नाही.

कारंज्यात एका देवळामागच्या हॉलमध्ये मी कॅन्सरचे उपचार झालेल्या किंवा चालू असलेल्या बायकांसाठी योगाचा वर्ग घेते. अगदी सौम्य योग. खुर्चीवर बसून खांदे फिरवायचे, सावकाश श्वास घ्यायचा, भिंतीच्या आधाराने हात वर न्यायचा. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळे माझ्या सूचना पाठ केल्यासारख्या वाटतात. "मॅडम, बातम्या सांगून राह्यल्या काय?" मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पुढे एकदा चटई गुंडाळताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "कोन होतं तुह्यं?"

"आई."

"हं," एवढंच म्हणाली. पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही. मात्र त्या दिवसापासून तिने मला मॅडम म्हणणं सोडलं. पोरी म्हणू लागली.

मावशी कामरगावच्या बाजूची. नवरा-बायको मिळून भाजीपाला करायचे, आणि त्यांचा कारल्याचा मोठा मांडव होता. वेल वर तारांवर पसरतात, कारली खाली लोंबतात. तोडणाऱ्याने एका हाताने वेल धरायचा, दुसऱ्याने कारलं खुडायचं, आणि असं हात डोक्यावर ठेवूनच पुढे सरकत राहायचं. उजव्या बाजूच्या ऑपरेशननंतर मावशीचा तो हात खांद्याच्या वर जाईना. "बुढा मले बाजेवर बसोते," ती नवऱ्याबद्दल सांगायची. "चहा आनून देते. आपल्याच वावरात मी पाहुनी झाली." तिला मांडवाखाली परत जायचं होतं. योगाला ती तेवढ्यासाठीच यायची, आणि तसं स्पष्ट सांगायची.

भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवायची आणि दुखलं की थांबायचं, असा माझा नियम. "दुखलं तिथं थांबली असती तं घरातून निंगालीच नसती," ती म्हणायची, पण थांबायची. बोट जिथवर पोचेल तिथे कपाळावरची टिकली काढून चिकटवायची. हिवाळाभर ती टिकली खांद्यापासून कानापर्यंत, मग कपाळापर्यंत चढली. एकदा तर डोक्याच्या वर गेली, तेव्हा मावशीने सगळ्यांना भिंतीपाशी बोलावून ती दाखवली.

उन्हाळ्यात टिकली उतरायला लागली. मावशी मुकाट्याने ती काढायची, खाली लावायची आणि कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलायला लागायची. हात सुजला होता. मी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. "जाऊन आली," ती म्हणाली. "परत आलं म्हने." आणि त्याच दमात, "पन कारले तोडून राह्यली मी. दोनी हातानं. वावरात येऊन पाह्य."

भिंत तर वेगळंच सांगत होती. मी गेले. जीपमधून उतरून वावरात पोचले तेव्हा मावशी मांडवाखाली उभी होती, वेल उजव्या हातात, कारलं डाव्या हातात. तिच्याकडे जायला मला वाकावं लागलं. मी काही फार उंच नाही. कारली तिच्या नाकासमोर लोंबत होती. खांबांवर बरीच वर तारेच्या जुन्या खुणा होत्या, लाकूड तिथे काळं पडून झिजलं होतं. मी त्या खुणांकडे बघते आहे हे मावशीच्या नवऱ्याने, काकांनी, पाहिलं आणि भरलेली पाटी उचलून ते विहिरीकडे निघून गेले.

ते लांब गेल्यावर मावशी हळूच म्हणाली, "मले माईत हाय. जल्म गेला माह्या या मांडवाखाली. तार कुठं होती हे मले समजत नाही काय?"

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कायले? मी दवाखान्यात होती तवा येकट्यानं केलं त्यानं. त्याले वाटू दे, माह्या हात पुरून राह्यला." तिने आणखी एक कारलं खुडलं. "पुरूनच तं राह्यला."

मावशी पावसाळ्यात गेली. त्यानंतर बायकांनी भिंतीवरची तिची टिकली कोणाला काढू दिली नाही. हात वर नेताना त्यांची बोटं तिथे आली की बाजूने वळसा घालतात. मी कोणाला तसं करायला सांगितलेलं नाही, तरी.

दिवाळीच्या आधी मी काकांना भेटायला गेले. मांडवावर नवे वेल होते आणि मांडव तेवढाच खाली होता. उंच माणूस, पार कमरेत वाकून कारली तोडत होता.

"मांडव वर नाही घेतला, काका?"

ते थांबले, पण सरळ झाले नाहीत. तिथे सरळ होता येत नव्हतं.

"खाली घ्याले येकटा मानूस पुरते, बाई. तार ढिली केली का झालं," ते म्हणाले. "तानाले दोघं लागते. येक ओढाले, येक धराले."

मग त्यांनी पाटी पायाने पुढे सरकवली आणि तसेच वाकून पुढच्या वेलाखाली गेले.