फेस ते रबात, मागच्या सीटवरून

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण गाडीच्या मागच्या सीटवर आम्ही दोघं शेजारी शेजारी कधी बसलोच नव्हतो. घरी, मॉरिसव्हिलला, तो ड्राइव्ह करतो आणि मी बाजूला बसून 'लेन बदल, एक्झिट चुकेल' म्हणत राहते. आमचा सगळा संसार पुढच्या काचेतून बघत झाला. मोरोक्कोत मात्र आम्ही ड्रायव्हरसकट गाडी घेतली होती. फेसच्या हॉटेलसमोर नवरा सवयीने पुढच्या दाराकडे गेला, ड्रायव्हरने हसून मागचं दार उघडलं, आणि आम्ही परक्या घरी आलेल्या पाहुण्यांसारखे अंग चोरून बसलो.

मला चौकशीची भारी खोड आहे. ही भिंत कुणी बांधली, त्या पोत्यात काय आहे, त्या बाई कुठे निघाल्या, हे सगळं मला कळायला हवं असतं. आणि घरातली एक गोष्ट मात्र महिनाभर माझ्या तोंडून विचारली गेली नव्हती. त्याला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलच्या एका चिप कंपनीत नोकरी मिळत होती. परत गेल्या गेल्या उत्तर द्यायचं होतं. माझी लॅब मॉरिसव्हिलजवळ, अनेक वर्षं खपून उभी केलेली. रोज रात्री जेवताना तो म्हणायचा, "तू काय म्हणतेस?" आणि मी म्हणायचे, "तुला काय वाटतं?" अशी टोलवाटोलवी झाली की भांडी घासायला घ्यायची. मुलगी फोनवर म्हणाली, "यू गाइज नीड टु ॲक्चुअली टॉक." मला हवं होतं ते एवढंच, की त्याने एकदा नुसतं 'चल' म्हणावं. जायचं की नाही ते मी मग बघितलं असतं.

वाटेत व्होल्युबिलिस लागलं. रोमन लोकांचं शहर, आता नुसते खांब आणि जोती. एका खांबावर करकोच्याने घरटं बांधलं होतं. घरांची छपरं केव्हाच गेली, पण जमिनीवरची रंगीत दगडांची चित्रं उघड्यावर तशीच आहेत. मासे, घोडे, कुणी गाढवावर उलटा बसलेला. या चित्रांवरून ती माणसं ओल्या पायांनी चालत असतील का, असं मी विचारलं. नवरा खुलला. सांडपाणी कुठून जायचं, गरम पाण्याच्या खोल्या कशा तापवायचे, तेलाच्या घाण्याचा दगड कसा फिरायचा, हे सगळं तो मला हात नाचवून सांगू लागला. इतकं स्वतःहून तो वर्षभरात बोलला नसेल. मला वाटलं, लोखंड तापलंय, घाव घालावा.

"सनीव्हेलचं काय ते ठरवायला हवं ना," मी म्हटलं.

"बघू ना, घरी गेल्यावर," तो म्हणाला आणि पुन्हा गटार बघायला वाकला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गटारात त्याला माझ्यापेक्षा जास्त रस होता. मला चांगलाच राग आला.

दुपारी मेकनेसला पोचलो. राजाच्या धान्याच्या कोठारात गेलो, तर आत पेवात उतरल्यासारखा गारवा. बाहेर आल्यावर भूक लागली म्हणून मी गाडीत डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याचे लाडू, मॉरिसव्हिलहून आणलेले. पहिली पुरी अर्थातच ड्रायव्हरपुढे. तो नम्रपणे म्हणाला, "रमजान आहे, माझा उपास आहे."

रोजा निर्जळी असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण उपास म्हणून कुणी नको म्हटलं की आमच्याकडे आग्रह संपत नाही, तिथून खरा सुरू होतो. पुरी मागे घेऊन मी लाडू पुढे केला. "मग हा घ्या. हा उपासाला चालतो."

त्याने लाडवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उपासाला खायचं?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. मी मात्र माघार न घेता साबुदाणा, वरी, रताळं सगळं समजावलं. तो हसून हसून स्टिअरिंगवर वाकला. "तुमचा उपास फार छान आहे," तो म्हणाला, आणि लाडू कागदात गुंडाळून संध्याकाळसाठी ठेवला. आम्ही जेवावं म्हणून त्याने खूप सांगितलं, पण त्याच्या पाठीमागे बसून कुरुमकुरुम पुऱ्या खाणं आम्हाला जमेना. नवऱ्याने डब्याला झाकण लावलं. पाणीसुद्धा प्यायलो नाही. पुढचा सगळा रस्ता ऑलिव्हच्या बागा आणि हिरवा गहू बघत आम्ही उपाशी बसून होतो.

रबातच्या अलीकडे, सूर्य टेकला तेव्हा, ड्रायव्हरने एका पेट्रोलपंपापाशी गाडी थांबवली. तिथे बरेच ट्रकवाले सतरंज्या टाकून बसले होते. त्याने आम्हालाही बसवलं, खजूर, उकडलेली अंडी, पाव मांडले, थर्मासमधून मसूर-टोमॅटोचं दाट सूप ओतलं आणि फेसला बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिच्यासमोरही ताट होतं. अजून हात लावलेला नव्हता. तेवढ्यात पंपावरच्या रेडिओवर अजान झाली. याने खजूर तोंडात टाकला, मग तिने टाकला.

ती ताटाला हात न लावता का बसली होती, ते मी लगेच विचारलं. तो म्हणाला, "फेस पूर्वेला आहे. तिथे सूर्य आधी मावळतो, तिला आधी जेवता येतं. थांबायचं नसतं, असं मी तिला सांगतो. पण मी रस्त्यावर असलो की ती तेवढी मिनिटं थांबते." आणि मग त्याने कागद सोडून लाडू खाल्ला आणि तिला अरबीत काहीतरी सांगितलं. ती खूप हसली.

मी खजूर हातात धरून नवऱ्याकडे पाहिलं. आमच्या घरी संकष्टी मी करते. तो उपास करत नाही, पण इतक्या वर्षांत चंद्र दिसायच्या आधी तो एकटा कधी जेवलेला नाही. डेकवर जाऊन शेजाऱ्यांच्या पाइनच्या झाडांतून चंद्र शोधायचं काम त्याचं. त्यालाही तेच आठवलं असावं, कारण तो सूपचं भांडं हातात घेऊन मनाशी हिशेब करत होता.

"संकष्टीला तुझा मूनराइज होईल तेव्हा सनीव्हेलला, तीन तास मागे, साडेसहा वगैरे असतील," तो म्हणाला. "मी जस्ट घरी येत असेन. म्हणजे मला थांबायचा प्रश्नच नाही."

मी म्हटलं, "म्हणजे तू जातोयस. आणि मी मॉरिसव्हिलला."

त्याने भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "हो. मलाही आत्ताच कळलं."

"एकदा 'चल' तरी म्हणायचंस रे."

"म्हटलं असतं तर आली असतीस?"

महिनाभर या प्रश्नाची वाट पाहिली होती, त्यामुळे मला वाटलं होतं की उत्तर द्यायला वेळ लागेल. "नाही," मी म्हणाले. लगेच.

"म्हणूनच नाही विचारलं," तो म्हणाला. "तू नाही म्हणाली असतीस, तर मी गेलो नसतो. आणि मला जायचंय गं."

पंचवीस वर्षांत स्वतःला काय हवंय ते त्याने इतकं सरळ पहिल्यांदाच सांगितलं होतं. मी हातातला खजूर तोंडात टाकला, आणि राग येण्याआधी मला बरं वाटलं.