वगळून

आमची आई मटार सोलता सोलता डोळे मिटते आणि म्हणते, "ऐक. वरच्या मजल्यावरचे आजोबा चष्मा शोधतायत." खरंच, घटकाभराने वरून हाक येते, "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?" मी कपाळावर हात मारते.

हे खूळ तिला विद्यापीठात लागलं. तिथे ती एकतीस वर्षं लघुलेखिका होती. सभेत जो जे बोलेल ते रेघा-ठिपक्यांत टिपायचं आणि मग टाइप करायचं. सगळे तिला स्टेनोबाईच म्हणत. त्या विद्यापीठात तुम्ही इंजिनिअर व्हा नाहीतर वकील, काही सामान्य विषय सगळ्यांनाच सक्तीचे होते. त्यातला एक होता 'ऐकणे'. पन्नास मुलं तासभर डोळे मिटून बसायची आणि ऐकलेलं वहीत लिहायची. पंख्याची करकर, दूर कुणीतरी ओढलेलं बाक, शेजारच्याच्या पोटातली गुरगुर. मधल्या सुट्टीत आई डबा घेऊन त्या वर्गाच्या दाराबाहेर बसायची आणि डबा न उघडताच परत यायची. घरी मी चिडायचे, ती नुसती हसायची.

तिची स्वतःची पदवी राहून गेली होती. कर्मचाऱ्यांना नोकरीत असेपर्यंत शिकायची सवलत होती, म्हणून एकेक विषय करत अकरा वर्षांत तिने सगळे संपवले. 'ऐकणे' मात्र शेवटी ठेवला, लहान मूल आवडीचा घास शेवटी ठेवतं तसा. निवृत्तीला एक सत्र उरलं होतं. एकच!

आणि नेमकी तेव्हाच सामान्य विषय बदलायला समिती बसली. 'ऐकणे' काढून त्या जागी संगणकाचे दोन विषय, दोन सत्रांचे, आणायचं घाटत होतं. म्हणजे आईची पदवी गेलीच. टिपणं घ्यायला अर्थात आईच.

अध्यक्ष तोंडातल्या तोंडात बोलणारे. पुढच्या सभेला आईने टाइप केलेला ठराव वाचला गेला: "'ऐकणे' वगळून बाकीचे विषय तसेच ठेवावेत." झालं, अर्धी सभा खवळली. त्यांचं म्हणणं, "'ऐकणे' वगळू नये, बाकीचे विषय तसेच ठेवावेत," असं ठरलं होतं.

"मला काही आठवत नाही बुवा," अध्यक्ष म्हणाले. "बाई, तुमची वही काय म्हणते?"

लघुलिपीत काना, मात्रा, उकार गळतात. 'वगळून' आणि 'वगळू नये' यांत फरक काय, तर टोकाला एक बारीकशी शेपटी. घाईत तिथे पेन्सिल उगीच घसरल्यासारखी दिसत होती. शेपटी म्हणावी तर होती, नाही म्हणावी तर नव्हती. समोर 'ऐकणे' शिकवणारे सर टेबलाकडे बघत बसले होते.

आईने डोळे मिटले. पंधरा दिवसांपूर्वीची ती दुपार हळूहळू तिच्या कानात परत आली. कपात फिरणारा चमचा, खिडकीत घुमणारं कबूतर, कुणाच्या तरी चपलेच्या चामड्याची कुरकुर. मग अध्यक्षांचं खाकरणं, आणि तो शब्द.

"वगळून," आई म्हणाली.

घरी मी आकाशपाताळ एक केलं. "अगं, एवढीशी शेपटी! कुणाच्या बापाला कळलं असतं? स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास!"

"तसं केलं असतं तर त्या वर्गात मी कुठल्या तोंडाने बसले असते गं?" एवढंच म्हणून ती आडवी झाली. मला तिचा राग आला होता.

निवृत्तीच्या दिवशी सर तिच्या टेबलापाशी आले. आई उठून उभी राहिली. "सर, माफ करा. माझ्यामुळे तुमचा विषय गेला."

सर खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "बाई, ठराव झाला त्या दिवशी मी अध्यक्षांच्या शेजारीच बसलो होतो. मला चक्क 'वगळू नये' ऐकू आलं. मला तेच हवं होतं ना."

"माझी परीक्षा मात्र राहिली, सर," आई म्हणाली.

"राहिली कुठे? झाली की," सर म्हणाले. "नापास मी झालो."