सासूबाईंची पाच मिनिटं

"आई, तुम्ही नक्की काहीतरी चुकीचं दाबताय," असं मी सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांचा फोन स्पीकरवर होता आणि शेजारच्या मामी, त्यांच्या दोन सुनांसह, तिथेच सुपारी सोलत बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं. चूक कोणाची होती, हे त्याहून बरंच नंतर.

सासूबाई श्रीवर्धनला एकट्या राहतात. सासरे गेल्यावर त्यांनी बागेकडच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. आळीतल्या आणखी सात-आठ घरांनी तेच केलं होतं. म्हणून मी, म्हणजे पनवेलला बसून वीस वर्षं दुसऱ्यांच्या वेबसाइट दुरुस्त करणारा जावई, सगळ्यांना मिळून बुकिंगची एक साइट करून दिली. पाहुण्यांनी खोल्या बघायच्या, आणि त्यांचा निरोप आला की घरच्यांनी लॉगिन करून फॉर्म भरायचा. जावयाची ऐट, दुसरं काय!

साइटवर कोणी आलं की सर्व्हर त्याला एक नंबर देतो आणि त्याची माहिती स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो. पुढच्या पानावर तोच माणूस आला, की नंबर बघून ओळखतो. आम्ही याला सेशन म्हणतो. माझा सर्व्हर अगदीच लहान होता. दिवसाआड त्याची मेमरी भरायची आणि तो आडवा व्हायचा. ती कशाने भरते हे शोधायचा मी कंटाळा केला आणि सोपा उपाय काढला. पाच मिनिटं ज्याने काही हालचाल केली नाही, त्याला विसरून जायचं. मग स्वतः फॉर्म भरून पाहिला. दोन मिनिटांत झाला. मी खूश.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंचं बुकिंग चार वेळा अर्ध्यात पुसलं गेलं. चौथ्या वेळी मी फोनवर ते वरचं वाक्य ऐकवलं. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. "हे मला झेपत न्हाय हो, जावईबापू. त्या एजंटाला देऊन टाकते दोन्ही खोल्या. रविवारी येतोय तो. मी आपली जेवणाचं बघीन."

हा एजंट लोकांच्या खोल्या चालवायला घ्यायचा. म्हणजे चाव्या त्याच्याकडे, पाहुणे त्याचे, आणि सासूबाई स्वतःच्या घरात स्वयंपाकाला. त्या संध्याकाळी बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. शनिवारी सकाळी आम्ही श्रीवर्धन गाठलं.

"माझ्यासमोर एकदा भरून दाखवा," मी म्हटलं. नुकताच पुण्याच्या एका कुटुंबाचा निरोप आला होता. सासूबाईंनी चष्मा लावला आणि एका बोटाने नाव, फोन, माणसं किती, सगळं नीट भरलं. पुढची चौकट जेवणाची होती. तिथे त्या थांबल्या आणि त्यांनी पाहुण्यांना फोन लावला.

"ताई, वशाट, मासेबिसे, खाता ना सगळे? तुमच्या सासूबाईंचा सोमवार? बरं, त्यांना वेगळं करीन. आणि धाकट्याला तिखट चालतं का?"

मग त्या मागच्या दारी गेल्या. मासळीवालीला विचारलं, सोमवारी पापलेट आणशील का. ती नक्की सांगेना, तेव्हा तिला बसवून चहा दिला. येता येता उन्हात टाकलेल्या गाद्या उलट्या केल्या. परत येऊन जेवणाच्या चौकटीत सगळं लिहिलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर आलं, 'कृपया पुन्हा लॉगिन करा.' हे वाक्य मीच लिहिलेलं.

"चुकलं हो माझं," सासूबाई लॅपटॉपला म्हणाल्या. अगदी पायाशी वाकल्यासारख्या सुरात.

 तरी माझं शहाणपण गप्प बसेना. "आई, हे सगळं आधी विचारून ठेवायचं आणि मग फॉर्म उघडायचा."

"असं कसं? पाहुणा आला की त्याचं नाव आधी लिहायला नको?" त्या म्हणाल्या. "आपण हरिहरेश्वरला जातो तेव्हा चपला ठेवतो ना त्या फुलवालीकडे? बिल्ला घेतो आणि प्रदक्षिणेला जातो. भरती असली की प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली, मग वरच तासभर खोळंबतो. ती काय तेवढ्यात चपला फेकून देते?"

 लॅपटॉप घेऊन मी पडवीत बसलो आणि जे सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. मेमरी खात होतं कोण, ते शोधलं. साइटवर सहज डोकावून जाणारे, त्यातही निम्मी तर माणसंच नव्हेत, इंटरनेटवर भटकणारी यंत्रं. त्या प्रत्येकाला मी सेशन देत होतो, वर खोल्यांची सगळी यादी त्यात भरत होतो. फाटकातून डोकावणाऱ्याला पान वाढत होतो आणि पंगतीत बसलेल्या सासूबाईंना उठवत होतो.

जेवणवेळेपर्यंत बदल झाला. पाच मिनिटांची अट काढली. आता लॉगिन करेल त्यालाच सेशन, आणि अर्धा भरलेला फॉर्म मेमरीत नाही, डेटाबेसमध्ये जपून. सर्व्हर पडला तरी तो राहणार. सासूबाईंनी पुणेकरांचं नाव पुन्हा घातलं, मध्येच उठून आमटीला फोडणी दिली, पाऊण तासाने आल्या. सगळं होतं तसं होतं.

"सर्व्हर दुरुस्त केलाय," मी म्हटलं.

"आज चाललं," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या माझ्या हातून परत बिघडलं म्हंजे? त्याला देते तेच बरं."

बायकोने मला विहिरीपाशी बोलावलं. "चूक कोणाची होती, ते सांगितलंत तिला?"

"सांगितलं की. सर्व्हरची."

ती म्हणाली, "त्या दिवशी मामींसमोर तिची चूक काढलीत ना? मग मामींसमोरच सांगा."

जेवणं व्हायच्या आधीच सुपारी सोलायला मामी आणि त्यांच्या सुना जमल्या होत्या. मी मध्ये उभा राहिलो आणि सांगितलं, की आईंनी काहीही चुकीचं दाबलं नव्हतं. मीच पाच मिनिटांची अट घातली होती.

सासूबाईंचा हात थांबला. "चारही वेळा तुमचंच?"

"चारही वेळा."

"आणि आम्ही हिला चष्मा बदल म्हणत होतो!" मामी म्हणाल्या. सुना तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हातातली सुपारी पुरती सोलली, टोपलीत टाकली आणि मग म्हणाल्या, "उद्या येईल तो एजंट. त्याला चहा देईन. चाव्या न्हाय."

आणि मग हसल्या.

मी घरात आलो. बायको दारातच उभी होती, सगळं ऐकत.

"झालं? एवढंच तर होतं," ती म्हणाली. "हात धुऊन या, पानं घेते."