पॅलेटवाली बाई

माझ्या वहिनीच्या धाकट्या बहिणीने केला नाही असा फुकटचा ऑनलाइन कोर्स या पृथ्वीतलावर अजून निघायचा आहे. ती फिजिओथेरपिस्ट, म्हणजे गावच्या भाषेत व्यायामवाली बाई. स्कूटीवरून चौक, लोधिवली, कुंभिवली अशी गावं पालथी घालते आणि ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत अशाच आजाऱ्यांकडे आवर्जून जाते. बाकीचे फिजिओ लोकांचे गुडघे धरून सुखाने नांदत असताना हिला ही अवदसा का आठवली, असं मी एकदा विचारलं. "भाऊजी, गुडघेवाल्यांना मोबाइलवरचा व्हिडिओ पुरतो. यांना माणूस लागतं," ती म्हणाली. आणि हे सांगताना तिचं स्वतःचं डोकं मोबाइलमध्येच होतं.

भाकऱ्या थापताना पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवलेला असतो आणि त्यात कुठल्या तरी परदेशातली बाई, मरणाच्या वाटेवरच्या माणसाला कुशीवर कसं वळवावं ते शिकवत असते. बाईने 'गुड आफ्टरनून' म्हटलं की ही चुलीपुढून 'गुड आफ्टरनून मॅडम' म्हणणार, मग इथे सकाळचे आठ का वाजलेले असेनात. नेरळला एका साखरपुड्यात सगळे पंगतीला बसले आणि ही गच्चीवर, रेंज मिळते म्हणून, परीक्षा देत उभी. खाली आली तेव्हा श्रीखंड संपलं होतं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, पास झाले म्हणून तिनेच सगळ्यांना पेढे वाटले. सर्टिफिकेटं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहेत. तिच्या सासूबाई म्हणतात, "येवढ्या सर्टिफिकेटांत आमच्या येळी दोन कलेक्टर झाले असते."

पण शिकलेलं ती तसंच्या तसं कुणाच्या गळ्यात मारत नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. एका कोर्समध्ये सांगितलं होतं, रुग्णाला विचारा, कुत्र्याला बागेत फिरवायला आवडेल का? हिने लोधिवलीच्या एका म्हातारीला विचारलं, "आजी, शेळीला पाला घालावासा वाटतो का?" म्हातारी म्हणाली, "शेळी कवाच इकली गं. तू आनतेस काय?" झालं. दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्यांची शेळी म्हातारीच्या खिडकीशी बांधलेली. कित्येक दिवस न हललेला उजवा हात त्या शेळीपायी खिडकीबाहेर जायला लागला.

आमच्या घरी ती आली ती आबांसाठी. माझ्या वडिलांनी हयात कुंभिवलीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवण्यात घालवली. आता फुप्फुसं थकली होती आणि ती बरी होणार नव्हती. आबांना ते ठाऊक होतं. त्यांचं मागणं एकच, सकाळचा चहा ओटीवर खुर्चीत बसून प्यायचा. खाटेपासून ओटी बारा पावलं. चौथ्या पावलाला धाप लागून जीव कासावीस व्हायचा. एकदा मी आणि दादाने त्यांना उचलून नेलं, तर ते दिवसभर आमच्याशी बोलले नाहीत. "मी काय गोन हाय?" एवढंच म्हणाले.

"आबा, आपण पॅलिएटिव्ह केअर करू," वहिनीची बहीण म्हणाली. म्हणजे आजार जात नसला, तरी त्याचा त्रास हलका करायचा.

"पॅलेट? ती तर माझ्या वळखीची हाय गं बाय. जलमभर तीच उचलली."

त्यांची पॅलेट म्हणजे गोदामात मालाखाली असते ती लाकडी फळ्यांची चौकट. मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर तिने मला हातानेच गप्प केलं. "आबा, पॅलेट कशाला लागते?"

"माल जड आसतो. पॅलेट काय त्याचा भार कमी नाय करत. पन खालनं आधार आसला की माल हालतो. नायतर जाग्याव बसून भिजतो नि सडतो."

मग पर्समधून वही काढून तिने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. "एवढे कोर्स केले, पण हे मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि खरं सांगतो, माझेही.

मग तिने बारा पावलांचे तुकडे पाडले. चार पावलांवर एक स्टूल, आठव्यावर दुसरं. टेकायचं, कोपरं गुडघ्यांवर ठेवून पुढे वाकायचं, गरम चहावर फुंकर घालतो तसा श्वास सोडायचा, आणि मी हातपंख्याने गालावर वारा घालायचा. तेराव्या दिवशी आबा स्वतःच्या पायांनी ओटीवर पोचले आणि बशीतून चहा प्यायले. वळताना ते तोंडाने फोर्कलिफ्टच्या रिव्हर्सचा टीं टीं आवाज काढायचे, आणि ही बाई खरंच बाजूला व्हायची.

सगळे धडे इंग्रजीत, मग गावोगावच्या आशाताईंनी काय करायचं, हे तिला फार दिवस टोचत होतं. म्हणून तिने स्वतःच मराठीत एक धडा करून इंटरनेटवर टाकला. मास्तर आबा. पॅलेट म्हणजे काय ते आधी सांगतात, मग धाप लागल्यावर पंखा कसा धरायचा ते. पंखा धरणारा हात माझा आहे, नि मास्तर त्यावर सारखे खेकसतात.

आबा दिवाळीनंतर गेले. आदल्या सकाळीही ओटीवर चहा झाला होता. वहिनीची बहीण अजून गावं पालथी घालते. आता तिला सगळे पॅलेटवाली बाई म्हणतात, आणि तीही कुणाची चूक दुरुस्त करत नाही.

धडा चार मिनिटांचा आहे. सकाळी चहा घेऊन मी आबांच्या खुर्चीशेजारी बसतो आणि तो लावतो. पंखा कसा धरायचा ते मला आता चांगलं येतं. तरी "गालाव धर रं, डोळ्यात नको घालू" असं आबा म्हणाले, की माझा रिकामा हात थोडा खाली सरकतो.